विंचवाच्या बिऱ्हाडातली ऊब

पूल बांधणाऱ्या टोळीत त्या वेल्डरला सगळे विंचू म्हणत. डंख मारणं सोडाच, कुणाला उलट उत्तर देणंही त्याच्या जिवावर येई. पण बिऱ्हाड पाठीवर, म्हणून विंचू. एक पूल संपला की आपली चाकांवरची पत्र्याची खोली गाडीला जोडायची आणि पुढची नदी गाठायची. बायको दूरच्या गावात शाळेत नोकरीला. तिने एकदा तरी इथे येऊन राहावं, एवढीच त्याची आस. सकाळी तो सवयीने दोघांचा चहा टाकी आणि मग दोन्ही कप स्वतःच पिई.

ती येत नव्हती. एक तर थंडी, आणि दुसरं म्हणजे तिचे मामा. दारं-खिडक्या लावून, कोळशाची पेटती शेगडी जवळ घेऊन झोपले, ते उठलेच नाहीत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने ताकच सोडलं होतं.

म्हणून या हिवाळ्यात त्याने प्रोपेन गॅसचा हीटर बसवला. ज्योत बंद पेटीत, तिला हवा बाहेरून, धूर नळीने बाहेर. सिलिंडरही बाहेर. मग त्याने फोन केला, आणि शनिवारी संध्याकाळी ती खरंच आली.

नवा संसार दाखवावा तसा तो एकेक गोष्ट दाखवू लागला. गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. कुठे बुडबुडा नाही.

"पण वास आला की कळेलच ना?" तिने विचारलं.

"गॅस गळला तर वास येतो. मामांना ज्या विषारी वायूने नेलं त्याला वासच नसतो. तो हवेत आला की वाजणारी ही घंटी, म्हणून उशाशी."

"आणि गळलेला गॅस जातो कुठे?"

"जड असतो, खाली बसतो. म्हणून खोलीच्या तळाला भोक ठेवलंय."

ती वाकली. भोकात फडक्याचा बोळा होता.

"अहो, हे काय?"

"तिथून गार वारा येतो. तू येणार म्हणून सकाळी..."

तिने बोळा उपसून त्याच्या हातात ठेवला. तो खाली मान घालून बाहेर गेला, सिलिंडर बंद केला. केलं-सवरलं सगळं मातीत गेलं होतं. परत आला तर तिने बॅग मांडीवर ओढलेली. जाऊ नकोस म्हणायचं होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार?

तिने बॅगेतून शाल काढली.

"उद्या लावा हीटर, माझ्यासमोर. आज नको," ती म्हणाली. "सरका तिकडे."

पलंग एकट्याच्याच मापाचा होता. पाठीला पत्रा गार लागत होता, तरी तो आणखी सरकला. तिची सोमवारची बस मात्र त्याला आत्तापासूनच दिसत होती.