वेशीतल्या राणीचं पुढे काय झालं

माझ्या काकूला बोलताना फार थोड्या लोकांनी ऐकलं असेल. दुकानाच्या मागच्या खोलीत, फळ्यांच्या आडोशामागे ती फ्रेमा ठोकायची आणि तोंडात कायम बारीक खिळे धरलेले असायचे. "लोक मूग गिळून गप्प बसतात, आमची ही खिळे धरून बसते," असं काका पुढच्या खोलीतून गिऱ्हाइकाला मुद्दाम मोठ्यानं सांगायचे. त्यावर मागून हातोडीचा एक सणसणीत ठोका यायचा. तेच तिचं उत्तर.

पुढची खोली काकांची. तिथे भिंतभर राजेरजवाडे, छापील चित्रं, सोनेरी पट्टीत आणि काचेआड बसवलेली. सिंहासन सोडून पायऱ्या उतरणारा राजा. फासावर जाण्याआधी आईच्या मांडीवर डोकं ठेवलेला राजपुत्र. विषाचा पेला ओठाशी नेऊन थबकलेला प्रधान. चित्राखाली काय प्रसंग आहे ते एका ओळीत छापलेलं असे, पण काकांनी ती ओळ कुणाला पुरी वाचू दिली असेल तर शपथ! "ती छापणाऱ्याची ओळ, साहेब," म्हणत ते तिच्यावर पंजा ठेवायचे आणि स्वतः सुरू व्हायचे. आरशाची फुटकी काच बदलायला आलेला माणूस प्रधानाला बगलेत मारून घरी जायचा. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात, काकांकडे तर राजे होते. त्यात इतिहास किती आणि पदरचा मीठमसाला किती, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. आ वासून ऐकत बसायचे, बस.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. हात परत आला, पाय परत आला, वाचा काही आली नाही. समजायचं सगळं. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तोंडातून भलताच आवाज निघायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येत. त्या कार्डांवर कप, किल्ली, चप्पल दाखवून म्हणायला लावत. ज्या माणसानं जन्मभर राण्या विकल्या, त्याला म्हणे चप्पल म्हणा! काकांनी ओठ मिटले ते मिटलेच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले.

एका दुपारी बाईंनी बाहेर येऊन काकूला स्पष्टच सांगितलं, "त्यांनी स्वतःहून प्रयत्न केला नाही, तर गेलं ते गेलंच समजा. बोलावंसं त्यांना वाटायला हवं. ते मी कुठून आणू?"

बाई गेल्या. काकू दुकानात गेली आणि भिंतीवरचं सगळ्यात मोठं चित्र उतरवून घेऊन आली. मी हात द्यायला धावले तर म्हणाली, "बाजूला हो, काच आहे." चित्र तिनं पलंगासमोरच्या खुर्चीवर टेकवलं. वेढ्यात हरलेलं शहर. उघडी वेस. वेशीतून एकटी बाहेर आलेली राणी, हातात स्वतःचा मुकुट. समोर उंच घोड्यावर जिंकलेला राजा, मुकुटासाठी हात पुढे केलेला.

काकू स्टुलावर बसली आणि बोलायला लागली.

"आता बघा साहेब, हिच्या पायात काय आहे? काही नाही. अनवाणी. माझ्या लोकांच्या पोटात अन्न नाही, तर माझ्या पायात जोडे कशाला, म्हणाली. मागे तटावर बघा. माणूस न माणूस उभा आहे, पण रडतंय का कुणी? तिनं बजावलंय, मी परत येईपर्यंत रडायचं नाही."

हे काकांचं बोलणं होतं, शब्द न शब्द. ते जिथे थांबायचे तिथे ती थांबत होती, ते जिथे 'साहेब' म्हणून गिऱ्हाइकाला जवळ ओढायचे तिथे तीही म्हणत होती. इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो, की ठोकाठोकीत हिला काय ऐकू येणार! हिला सगळं तोंडपाठ होतं. त्या स्टुलावरच्या बाईकडे बघताना मला जितकं थक्क व्हायला झालं, तितकं त्या भिंतीवरच्या कुठल्याही राजाकडे बघून झालं नव्हतं.

काकांनी हळूहळू कूस बदलली.

"आणि राजा म्हणाला, आण तो मुकुट. तेव्हा राणी..."

काकू थांबली. मला वाटलं, हीसुद्धा काकांचीच युक्ती. पण ती थांबूनच राहिली आणि तिचा चेहरा ओशाळला.

"पुढचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "अहो, इथे आलं की तुम्ही गिऱ्हाइकाच्या कानाशी लागायचात. मी हातोडी खाली ठेवली, फळीला कान लावला, कधी म्हणून ऐकू आलं नाही."

"मग विचारायचं नाहीस का?" मी म्हटलं.

"विचारलं असतं म्हणजे मी ऐकते हे कळलं असतं ना! मग यांनी माझ्या डोक्यावर मिरे वाटले असते." मग ती काकांकडे वळली. "सांगा ना. काय म्हणाली हो ती?"

यात उपचारबिपचार काही नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं.

काकांचे ओठ हलले. नुसती घरघर आली. त्यांनी चिडून मान हलवली, डोळे मिटले. मी पाणी आणायला उठले तर काकूनं हातानंच मला बसवलं. ती वाट बघत राहिली. काकांनी पुन्हा तोंड उघडलं, कपाळावरच्या शिरा तट्ट फुगल्या आणि त्यांचं बोट घोड्याकडे गेलं.

"आ... आधी," काका म्हणाले. "आधी खा... खाली उतर."

काकू चित्राकडे बघत राहिली. अनवाणी राणी, एवढा उंच घोडा. तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई! असं म्हणाली?"

काकांनी मान डोलावली. घामानं निथळत होते, पण रुबाब असा, की जणू ते स्वतःच त्या वेशीत उभे होते.

"मग? उतरला का तो?"

काकांनी बोट वाकवून तिला जवळ बोलावलं. काकू उठून उशीपाशी वाकली आणि काका तिच्या कानाशी लागले. बराच वेळ लागला त्यांना. मला मात्र काही ऐकू आलं नाही.