मनापासून गणित घेतलेला सुमेध

बी.एस्सी. मॅथ्सवाल्याला नोकरी कधी लागेल ते सांगता येत नाही, पण किस्से पहिल्या दिवसापासून साठायला लागतात. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात शेवटपर्यंत तिघंच उरलो: बीबी गावची कोमल, सोनाळ्याचा सुमेध आणि मी. आता भेटलो की पोट धरून हसतो. घरी जाताना मात्र काही सुचत नाही.

*

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "मॅथ्स मनापासून कोनं घेतलं? हात वर करा."

कोमलला केमिस्ट्री मिळालं नव्हतं, मला काहीच मिळालं नव्हतं. हात एकट्या सुमेधचा वर गेला.

सर त्याच्या बाकाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "घरी काही झालं होतं का रे?"

*

एकदा सुट्टीत मी सुमेधच्या घरी गेलो. पठ्ठ्या ओट्यावर बसून पानंच्या पानं लिहीत होता. त्याची आई म्हणाली, "काय करून राह्यला बाप्पा?"

"एक हा शून्यापेक्षा मोठा असते, हे सिद्ध करून राह्यलो."

मायने ती सगळी पानं उलटून पाहिली. मग मला म्हणाली, "तीन वर्सं झाले न याले कॉलेजात जाऊन?"

*

सर तासिका तत्त्वावर. जेवढे तास, तेवढंच मानधन, आणि पेरणीच्या दिवसांत भावाच्या बियाण्याच्या दुकानात बसणं. अशा माणसाला सुमेधने सांगितलं, "सर, मी एम.एस्सी. करतो. मले तुमच्यासारखं व्हायचं हाय."

सरांनी खडू खाली ठेवला. "उद्या तुह्या बाबाले घेऊन ये."

बाबा आले, सरांनी त्यांना अर्धा तास समजावलं, पण सुमेध ऐकेल तर शपथ! एम.एस्सी. म्हणजे एम.एस्सी. फक्त रिअल ॲनालिसिसचा पेपर तेवढा निघायला हवा होता.

*

ॲनालिसिस आमच्याकडे गाईडमधून पाठ करतात. कोमल तर एस.टी.त उभ्याउभ्या थिअरम घोकायची. परीक्षेआधी तिने भीतभीत विचारलं, "सर, एक्सच्या जागी टी लिहिला तर चालते का?"

"नको बाई," सर म्हणाले. "तपासणाऱ्याले घोर लागंल."

*

रिझल्ट लागला. कोमल पास, मी पास. ॲनालिसिसमधला एक शब्दही न कळलेले आम्ही दोघं पास, आणि सुमेध नापास. एम.एस्सी.चं वर्ष गेलं. मला त्याच्याकडे बघवेना.

त्याने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. मोठ्या थिअरमचं प्रूफ त्याने स्वतःच्या डोक्याने लिहिलं होतं, गाईडमधल्यापेक्षा निम्मं. त्यावर लाल शाईने आडवी रेघ आणि भोपळा. सरांनी ते ओळ न् ओळ तपासलं, मग पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

"चुकलं कुठं, सर?"

"कुठंच नाही."

"मंग?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुले समजून घ्याले कोनं सांगतलं होतं बे?"