कानबाईपुरते केस

कापडण्यातल्या त्या घरची कानबाई नदीला जायची ती वच्छलाबाईच्या डोक्यावरून. श्रावणातल्या रविवारी देवी बसायची, सोमवारी निघायची, आणि तिचा पाट डोक्यावर घ्यायचा मान या धाकट्या सुनेचा. थोरल्या इंदिराबाईची मान दुखायची म्हणून सासूनेच तो इकडे दिला होता. इंदिराबाई ते कधी विसरली नाही. वच्छलाबाईला पोरबाळ नव्हतं. त्या घरात तिची म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट.

अठ्ठ्याऐंशी साली तिच्या छातीत गाठ निघाली. धुळ्याला ऑपरेशन झालं, मग औषधं सुरू झाली. लाल औषध सलाईनमधून गेलं की लघवीसुद्धा लाल व्हायची आणि ती घाबरून नवऱ्याला, निंबाला, हाका मारायची. दुसऱ्या, बिनरंगाच्या इंजेक्शनाने तोंड आतून असं सोलवटायचं की दुधात कुस्करलेली भाकरीही झोंबायची. गोळ्यांनी पोटात पाणी ठरत नसे. हे सगळं तिने मुकाट सोसलं. पण लाल औषधाने केसही नेले. उशीवर केस, ताटात केस. शेवटी उरलेसुरले तिनेच कात्रीने कापून टाकले.

श्रावण आला. सोमवारी पदर घट्ट ओढून ती पाटापुढे उभी राहिली, तेव्हा भरल्या घरात इंदिराबाई म्हणाली, “तुन्हा नवरा जित्ता शे, पन डोकं रांडमुंडनं शे. त्यावर कानबाई कशी ठेवसूत?”

बायकोसाठी धुळ्याच्या खेपा घालणारा निंबा वहिनीपुढे नेहमीचाच मुका. दुखऱ्या मानेच्या इंदिराबाईने पाट उचलला आणि मान जराही न दुखता ती नदीपर्यंत गेली.

पुढच्या खेपेला वच्छलाबाईने डॉक्टरांना एवढंच विचारलं, केस कधी येतील. औषध थांबलं की येतील, डॉक्टर म्हणाले. पण अजून निम्मी इंजेक्शनं बाकी आहेत, मध्येच सोडली तर दुखणं उलटेल. वच्छलाबाईने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं. निंबाला म्हणाली, औषध संपलं. तोही खेपांना कंटाळलाच होता, त्याला ते लगेच पटलं.

केस आले, आणि काय आले! पूर्वीपेक्षा दाट, कुरळे. गावाने ते देवीच्या नावावर जमा केलं. इंदिराबाईने स्वतः तेल चोळून दिलं. पण पुढच्या वर्षी आषाढात काखेत बोराएवढी गाठ हाताला लागली. सांगावं तर पुन्हा लाल औषध, पुन्हा भुंडं डोकं, आणि श्रावण तोंडावर. ती गप्प बसली. श्रावणात पुन्हा पाट उचलताना काखेतून जीवघेणी कळ गेली, तरी ती सगळ्यांच्या पुढे चालली. त्या दिवशी ती सुखात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दिवाळीनंतर ती अंथरुणाला खिळली. धुळ्याला डॉक्टरांनी निंबाला फैलावर घेतलं, तेव्हा त्याला सगळं कळलं. घरी येऊन तो कुणाला काही बोलला नाही.

होळीच्या आधी ती गेली. बायकांनी न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, केस विंचरून गजरा माळला. इंदिराबाई रडली, अगदी मनापासून रडली. मग डोळे पुसून त्या कुरळ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “नसीबवान शे. सवाशीन गई, डोकावर बठ्ठा केस लिसन गई.”

डोक्यावर सगळे केस घेऊन गेली, यावर बायकांनी माना डोलावल्या. दारात उभ्या निंबानेही डोलावली.