दसऱ्याला बंद केलेलं मशीन

पाल, झुरळ, अंधार यांना मी भीत नाही. मी भिते ती बंद केलेल्या यंत्राला. घरातला मिक्सर थांबला तरी तो पुन्हा फिरेल ना, या विचाराने माझा जीव टांगणीला लागतो. हसा खुशाल. आमच्या घरात हे कुणाला हसू येण्यासारखं वाटत नाही.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. मी शाळेत असताना एका दसऱ्याला त्यांनी रिवाजाप्रमाणे मशीन बंद केलं, पुसून लख्ख केलं, त्याला झेंडूचा हार घातला आणि पेढे घेऊन कोपरला घरी आले. सुट्टीनंतर कामावर गेले तर गेटला कुलूप. ते कुलूप पुन्हा निघालंच नाही. खिडकीच्या फुटक्या काचेतून सुकलेला हार दिसत होता, एवढंच ते सांगायचे. पुढे मिळेल ते काम त्यांनी केलं, पण झेंडूची फुलं घरात आणलेली त्यांना चालायची नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मला ठाण्यात, नौपाड्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. कंपनी म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, त्यात सर, मी आणि हिशेब बघणाऱ्या एक बाई. आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवायचो. मग सरांच्या डोक्यात आलं की त्या ठेवायच्याही आपल्याच मशीनवर. इंटरनेटची लाइन आली, नवा कॉम्प्युटर आला, आणि त्यावर कोणती सिस्टिम टाकायची हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला.

सरांकडे विकतच्या सिस्टिमची चोरीची सीडी होती. तेव्हा ती कुणाकडे नव्हती! पण कुठे कुठे धाडी पडतात असं ऐकून होते, आणि पोलिसांच्या गाडीत बसवलेली मी मला रोज दिसायची. विकत घेणं परवडणारं नव्हतं. मग राहिल्या फुकट मिळणाऱ्या दोन, लिनक्स आणि फ्रीबीएसडी. दुसरी जास्त भक्कम आहे, असं जाणकार म्हणत. मी लिनक्स निवडलं. कारण सांगायला लाज वाटत नाही: रविवारी दादरला कॉम्प्युटरचं वेड असलेली काही मुलं जमायची, आणि त्यातल्या बहुतेकांना लिनक्स येत होतं. अडलं तर विचारायला माणूस हवा, एवढाच माझा अभ्यास.

"फुकट आहे ना? मग बंद पडलं तर फोन कोणाला लावायचा?" सरांनी विचारलं.

"मला," मी म्हटलं. कसं तोंडातून निघालं, देव जाणे.

"बघ हां. बंद पडलं तर मी माझी सीडी टाकणार. आणि मग तुझं काय काम इथे?"

ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. घर माझ्या पगारावर चाललेलं.

मशीन लागलं आणि चालत राहिलं. दिवाळी, शिमगा, पावसाळा, सगळं पार पडलं. पहिल्याच साइटचं, एका वधूवर सूचक मंडळाचं, नाव झालं. दादरच्या मुलांना विचारून मी काही ना काही बदलत असायचे, मशीन चालू असतानाच. त्यातले काही बदल मशीन कायमचे लक्षात ठेवतं, काही बंद केल्यावर विसरतं. कुठले कुठले, ते बघायचं तर मशीन एकदा बंद करून चालू करायला हवं होतं. तेवढं माझ्याच्याने झालं नाही. वीज जायची तेव्हा यूपीएसच्या जिवावर ते तगायचं आणि मी कोपऱ्यात मुठी आवळून बसायचे.

मग दसरा आला. सरांचे वडील, आम्हा सगळ्यांचे काका, पूजेचं ताट घेऊन आले. मी बाथरूमजवळ हार पाण्यातून काढत होते. मागे यूपीएस कोकलायला लागला. धावत आले तर काकांनी मेन स्विच बंद केलेला, आणि आता ते वाकून यूपीएसचं बटण शोधत होते.

"काका, नको! ते बंद नाही करायचं!"

"अगं, यंत्राला आजचा दिवस आराम नको? आणि कुंकू लावताना शॉक बसला म्हणजे?"

त्यांना बटण सापडलं. कोकलणं थांबलं, मशीनचा पंखाही थांबला. बारा महिने तो आवाज कानात होता. मी बटणाकडे हात नेला.

"नारळ फुटेपर्यंत हात लावायचा नाही हं," काका म्हणाले. सर हात जोडून उभे. वडिलांपुढे कोण बोलणार? काकांनी प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, सावकाश आरती म्हटली. मध्येच फोन वाजला. वधूवर मंडळाच्या बाई होत्या, सणाचा दिवस म्हणून लोक स्थळं बघायला बसलेले आणि साइट उघडत नाही. सरांनी रिसीव्हर ठेवला. मग ड्रॉवर उघडून आपली सीडी टेबलावर ठेवली. मला हार घातलेलं बाबांचं मशीन दिसत होतं, आणि फुटक्या काचेतून बघणारे बाबा.

नारळ फुटला. मी मेन चढवला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या आणि अचानक थांबल्या. नीट बंद न केल्यामुळे डिस्कमध्ये चुका आहेत, दुरुस्त करू का, असं मशीन विचारत होतं. मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. कशाला हो म्हणतेय ते मला कळत नव्हतं, नाही म्हणायची हिंमत नव्हती. दर वेळी कीबोर्डवरच्या अक्षता टेबलावर सांडत होत्या. शेवटी मशीन उठलं, पण लाइन जोडणं विसरलेलं. त्या आज्ञा मी आठवून आठवून हाताने टाइप केल्या. दोनदा चुकल्या.

सरांनी मंडळात फोन लावला. "उघडली? बरं, बरं." मग सीडी परत ड्रॉवरमध्ये टाकली. "राहू दे तुझं लिनक्स. अगं, चालू झालं ना? मग रडतेस कशाला?"

मी डोळे पुसून आधी त्या आज्ञा मशीनमध्ये कायमच्या लिहून ठेवल्या, आणि काका निघण्याआधी मशीन स्वतःच्या हाताने एकदा बंद करून बघितलं. ते आपणहून उठलं. तरी तासभर मी त्याच्यासमोरून हलले नाही.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"बंद केलेलं पूर्ण?"

"पूर्ण."

"हार घालून?"

"हो."

"आणि चालू झालं परत?"

"झालं, बाबा."

त्यांनी घास तोंडात घातला. वरण वाढून घेताना पुन्हा विचारलं, "चालू झालं ना?" हात धुऊन आल्यावर पुन्हा. मी वैतागले. "अहो बाबा, कितीदा सांगू? झालं चालू!"

"सांग गं अजून एकदा," ते म्हणाले. "ऐकायला बरं वाटतंय."