ब्रेकमास्तरांची मांडी

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पोटी जन्माला येऊ नये, असं त्या मुलीचं ठाम मत होतं, आणि तिचं फारसं काही चुकत नव्हतं. तिच्या वडिलांना सगळा परिसर ब्रेकमास्तर म्हणायचा. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो. मास्तरांचा उभा जन्म तो दाबण्यात गेला होता आणि आता त्यांच्या उजव्या पायाला दुसरं काही सुचत नसे. बायको उकळतं दूध घेऊन वळली, की टेबलाखाली मास्तरांचा पाय कचकन खाली. सिनेमात कुणी कड्याच्या दिशेने पळालं, की पुढच्या खुर्चीला धक्का. मग पुढचा माणूस रागाने मागे बघायचा आणि आई त्याची माफी मागायची.

मास्तर तोंडाने कमीच बोलायचे. शाबास हा शब्द तर त्यांनी कधी कुणाला ऐकवला नाही. शिकणारा तयार झाला, की एके दिवशी ते चालत्या गाडीत शांतपणे बूट काढायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर मांडी घालून बसायचे. झालं, पास! परीक्षा, लायसन वगैरे नंतर; लोक ‘मास्तरांनी मांडी घातली’ हेच कौतुकाने सांगत सुटायचे. केकवाल्याच्या सासूबाई आरसा फक्त केस नीट करायला असतो असं समजून गाडी चालवायच्या, पण त्यांच्यासाठीसुद्धा मास्तरांनी शेवटी मांडी घातली होती.

आणि पोटच्या पोरीसाठी? नाव नको! पोरगी सुरेख गाडी चालवायची, भल्याभल्यांना मागे टाकेल अशी. पण ती चाकामागे बसली, की बापाचा पाय ब्रेकवर चिकटलेला. ती चिडायची, रुसायची, एकदा तर रडलीसुद्धा. पाय काही हलला नाही.

‘‘तुला कशाला हवंय गाडी चालवणं?’’ मास्तर म्हणायचे. ‘‘मी जन्मभर लोकांच्या शेजारी बसलो. तू मागच्या सीटवर बसायचंस. पुढे ड्रायव्हर, मागे इंजिनिअर बाई.’’ म्हणून ती इमारतींचं इंजिनिअरिंग शिकत होती. मार्क चांगले पडत होते, ओरडायला जागा नव्हती. फक्त वर्गात बसलं, की तिला जांभया यायच्या.

मग सुट्टीत कॉलेजने सगळ्यांना एका बांधकामावर कामाला पाठवलं. तिथे उंच क्रेन होती आणि ती चालवायची एक जाडजूड, हसरी बाई. सगळे तिला क्रेनमावशी म्हणायचे. मावशीने एकदा पोरीला वर नेलं, खुर्चीत बसवलं, हातात दांडे दिले. खाली लटकणारा आकडा तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर हलला मात्र, आणि आपल्या बाईसाहेब कामातूनच गेल्या! पुढच्या प्रत्येक सुट्टीला ती तिथेच पडीक. मावशीनेच तिला क्रेनच्या शाळेची वाट दाखवली, तिथे तिची निवडही झाली. वर्ग सुरू व्हायची वेळ आली, तरी घरी सांगायचं राहिलं होतंच.

या घरात महत्त्वाचं बोलणं गाडीत व्हायचं. गाडीतून कुणाला उठून जाता येत नाही आणि एकमेकांच्या तोंडाकडेही बघावं लागत नाही. मास्तरांनी आईला लग्नाचं विचारलं तेही गाडीतच, ती त्यांच्याकडे शिकायला येत असताना, लाल दिव्यापाशी. हिरवा लागेपर्यंत तिने हो म्हटलं होतं. म्हणून पोरीनेही बेत केला, की शिकवणी संपल्यावर बाबांना घरी न्यायला जायचं, आपण चाकामागे बसायचं आणि बोलून टाकायचं.

मंडईजवळ रस्ता जरा मोकळा दिसला, तशी ती म्हणाली, ‘‘बाबा, मी कॉलेज सोडतेय. मला क्रेन चालवायचीय.’’

मास्तरांनी जन्मात दाबला नव्हता असा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी आचका देऊन बंद पडली आणि मागे भोंग्यांचा गोंधळ उडाला.

‘‘क्लच,’’ मास्तर सवयीने पुटपुटले.

गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी भलीमोठी पाटी. एक भाजीवाल्या आजी खिडकीशी वाकून म्हणाल्या, ‘‘घाबरू नको गं बाळा! येईल हळूहळू. मास्तर, ओरडू नका तिला!’’ पोरीला हसावं की रडावं कळेना.

आई हॉस्पिटलात नर्स होती, तिला दचकायची सवय नव्हती. रात्री जेवायला वाढता वाढता सगळं ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘वर बाथरूमची काय सोय?’’

‘‘आई!’’

‘‘आई काय? मी विचारायचं नाही तर कुणी?’’ मग खुर्ची ओढून ती समोर बसली. ‘‘मला राग आलाय, सांगून ठेवते. एवढा अभ्यास केलास तो काय गंमत म्हणून? पण कॉलेजबद्दल तू जेवताना कधी अवाक्षर काढत नाहीस आणि आज त्या क्रेनबद्दल बोलताना तुझं ताट तसंच राहिलंय. हेही मला दिसतंय.’’

टेबलाखाली मास्तरांचा पाय दाबला जात होता, सोडला जात होता. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘त्या केबिनमध्ये शेजारी कोण बसतं?’’

‘‘कुणी नाही, बाबा. एकच खुर्ची असते.’’

‘‘म्हणजे दुसरा ब्रेक नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘मग मी काय करायचं?’’ मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. मागची सीट, इंजिनिअर बाई, सगळं राहिलं बाजूला. माणूस नुसता घाबरला होता हो! पोरीला एकदम गलबलून आलं. तिने बापाच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘एकदा येऊन बघा. मग नाही म्हणालात, तर मी ऐकेन.’’ बोलून गेली खरी, पण ऐकावं लागलं तर काय, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

सुट्टीच्या दिवशी बांधकाम बंद होतं. मावशीने सरावासाठी काठोकाठ भरलेलं पाण्याचं पिंप आकड्याला लावून ठेवलं होतं. ते उचलायचं, इमारतीला वळसा घालून पलीकडे खडूने काढलेल्या गोलात ठेवायचं, आणि पाणी सांडायचं नाही. आईबाबा कुंपणाबाहेर उभे राहिले. पोरगी शिडी चढू लागली तशी आईने मास्तरांची बाही घट्ट धरली.

वर मावशी खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘खाली बघू नकोस. पिंपाकडे बघ.’’

पिंप उठलं. मास्तरांचा पाय खाली गेला. पिंप वळलं, पाय पुन्हा खाली. बुटाने मातीत चांगला खड्डा पडला. कोपऱ्यावर वारा लागून पिंप झुलू लागलं, तेव्हा मास्तरांनी डोळेच मिटून घेतले. पोरीने घाई केली नाही. झुलणाऱ्या पिंपामागून तिने क्रेनचा हात हलकेच नेला, झोका जिरवला आणि मग पुढे निघाली.

‘‘अहो, बघा तरी,’’ आई कुजबुजली. मास्तरांनी डोळे उघडले.

पिंप गोलावर आलं, थांबलं, हळूहळू खाली उतरू लागलं. ते टेकलं तेव्हा पाण्यावर जेमतेम एक तरंग उठला. मावशीने वरून टाळी वाजवली. पोरीने दांडे सोडले, घाम पुसला आणि मग कुठे धीर करून कुंपणाकडे नजर टाकली.

आई दोन्ही हात हलवत होती. बाबा मात्र उभे नव्हते. ती काचेला नाक लावून शोधू लागली.

कुंपणालगत फळ्यांचा ढीग होता. समोर बूट नीट जोडून ठेवले होते आणि ढिगावर मास्तर मांडी घालून बसले होते.