पैसे काढू नका

टाळेबंदीच्या दिवसांत भिंगारमध्ये इतकी शांतता होती की शेजारणीने कुकर कितव्या शिट्टीला उतरवला तेही मला कळायचं. टीव्हीवर रोज सांगत, परदेशी लोक आपल्या बाजारातून पैसे काढून नेतायत, रुपया पडतोय. माझे पैसेही त्याच बाजारात होते. जन्मभर दवाखान्यात आया म्हणून काम केलं, त्याचा सगळा फंड मी गल्लीतल्या एजंटच्या हवाली केला होता. तो बुडाला असता तर ही खोली सोडून पुण्याला मुलाकडे जावं लागलं असतं. मुलगा चांगला आहे. पण दुसऱ्याच्या घरात विचारून चहा प्यायची माझी तयारी नव्हती.

एजंट रोज सकाळी सातला मोबाईलवर बोलून निरोप पाठवायचा. "घाबरू नका. पैसे काढू नका. बाजार पडतो तसा उठतो." ते ऐकून सगळी गल्ली कामाला लागायची.

एका रविवारी त्याच्या बोलण्यामागे चर्चची घंटा ऐकू आली. चर्च माझ्या दारासमोरच आहे. बाहेर येऊन पाहिलं. फाटकाला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. निरोप परत लावला. फोनमध्ये घंटा वाजत होती आणि समोर घंटेचा दोर हलत नव्हता.

तोंडाला पदर बांधून त्याच्या घरी गेले. बायको जाळीच्या दाराआड उभी राहिली.

"नवरा कुठं हाय?"

"झोपलेत, मावशी."

"उठव."

"आठ दिवस झाले, दवाखान्यात आहेत. तोंडाला मशीन लावलंय, बोलता येत नाही."

"मग सकाळी बोलतं कोण?"

"मागं बाजार पडला होता, तेव्हाचे निरोप फोनमध्ये होते. तेच पाठवते. सगळ्यांनी पैसे काढले तर आमचं कमिशन बंद होईल, मावशी."

तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला. "घाबरू नका." थांबला. पुन्हा, "घाबरू नका." दर वेळी तोच खोकला. माझ्या अंगावर काटा आला. दवाखान्यात मेलेली माणसं धुतली मी, तेव्हा आला नव्हता.

"आत कोण हाय?"

"पोरगी. उद्याचा निरोप शोधतेय."

"माझे पैसे काढ. आत्ता, माझ्यासमोर."

"आत्ता तोटा होईल. हे असते तर काढू दिले नसते."

"तो असता तर मी आले असते कशाला?"

तिने पैसे काढायचा अर्ज भरला, तसे माझ्या फोनवर ओटीपीचे आकडे आले. मी ते एकेक करून जाळीतून वाचून दाखवले. आत त्याचं बोलणं चालूच होतं.

गल्लीत मी हे कुणाला सांगितलं नाही. निघताना तिने कुणाला सांगू नका म्हणून विनवलं होतं, त्यासाठी नाही. कुणी विचारलं नाही.

पैसे आले, तिसरा हिस्सा गेलेला. एजंट परत आला नाही. दिवाळीपर्यंत बाजार उठला आणि ज्यांनी काढले नव्हते त्यांचं सगळं भरून निघालं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, जरा थांबायचं होतंस."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

खोली राहिली. मटण आता महिन्यातून एकदाच आणते.