डावी शिवण
ओल्या सुती कापडावर इस्त्री फिरली, की त्या वासाने म्हैसूरची आमची शिवणाची खोली आठवते. दसऱ्याआधी थोरली जाऊ स्वतःच्याच ब्लाउजची डावी शिवण उसवत होती. ती बाजू पुन्हा अर्धा इंच घट्ट झाली होती. मी पाहिलं, तर छातीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली, आत हाताला टणक गाठ लागली. "अक्का, आजच डॉक्टरांकडे चला." "अय्यो, दुखत तर नाही! सुम्मने, उगाच कशाला? उसवलं की झालं," ती हसली. मी तिला ओढूनच नेलं. तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून आहे?" "संक्रांतीपासून उसवतेय." बाईंनी हातमोजे काढले. मग हळू म्हणाल्या, "गाठ दुखायची वाट पाहायची नसते हो." पुढचा दसरा तिने पाहिला नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. दर महिन्याला स्वतःला तपासताना बोटं कुठे थबकली, की श्वासही थांबतो.